पुन्हा ऐकण्यासाठी नऊ

सिलीगुडी
२० जुलै २०२५

आक्का,

पत्राच्या वरच्या अंगाला काय काय लिहायचं असतं ते मास्तरांनी शिकवलं त्या दिवशी मी ओढ्याला खेकडी धरायला गेलतो. म्हणून डायरेक्ट सुरू करतो. तुझा भाऊ कृष्णात. वळखलंस न्हवं?

पत्र बघून हसू नगंस. फोन केला की तू म्हणतीस, "मीटिंगमध्ये आहे रे, नंतर करते." ते नंतर कवाच येत न्हाय. आईला केला तर तिला ऐकू कमी. "जेवलास का" विचारती, मी काय सांगतोय ते सोडून शेजारणीच्या पायाच्या सुजेचं सांगती, आणि "ठेवते, बिल चढतंय" म्हणून ठेवून देती. आता बिल चढत न्हाय, किती वेळा सांगितलं. मग म्हटलं कागद घ्यावा. कागदाला तुला नंतर म्हणता येणार न्हाय.

माझं बरं चाललंय. मालक गणपतराव, विट्याकडचे. त्यांचं गलाईचं दुकान. लोकांचे जुने दागिने येतात, ते मुशीत घालून वितळवायचे, टाकणखार टाकायचा, घाण वर येती, सोनं खाली राहतंय. मग लगड पाडायची. भट्टी माझ्याकडं. कबनूरला मागावर टिकलो न्हाय, पुण्यात हॉटेलात टिकलो न्हाय, हितं मात्र दोन वर्षं झाली. तू म्हणायचीस की माझं बूड एका जागी टेकत न्हाय. भट्टीपुढं टेकतंय. हललं की भाजतंय म्हणून असंल.

दुकानात कॅमेऱ्याचा फोन चालत न्हाय, म्हणून आईचा जुना बटणाचाच फोन वापरतो, तू स्टेशनवर हातात दिलेला. त्याची काच भट्टीजवळ तडकून काळी ठिक्कर पडलीया. बटणं चालतात, आवाज येतो, पण कोण हाय ते उचलल्याशिवाय कळत न्हाय. तसं करतंय तरी कोण.

आता खरं काम. गणपतराव काठमांडूला नवीन दुकान काढत्यात. तिकडची भट्टी मी घ्यावी म्हणतात. बोली तीन वर्षांची, मधे गावाकडं यायचं न्हाय. फोनमधलं हे कार्ड पण तिकडं चालणार न्हाय. दहा ऑक्टोबरला गाडी निघणार, त्याच्या आत व्हय का न्हाय सांगायचं. तू सांग. तू एवढ्या मोठ्या कंपनीत माणसं सांभाळतीस, तुला कळत असंल. तू म्हणशील तसं करतो.

आईला सांग जेवलोय.

कृष्णात


मंगळवार पेठ, कोल्हापूर
४ ऑगस्ट २०२५

प्रिय कृष्णा,

पोस्टमनने खालून हाक मारली तेव्हा मी कॉलवर होते. आईने पत्र घेतलं, देवापुढे ठेवलं, आणि मला संध्याकाळी सांगितलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळ चढावर जाते.

उत्तराला उशीर झाला. महिनाअखेर होती. लिहायला बसले तर हाताने आपोआप 'नमस्कार टीम' लिहिलं. तो कागद फाडला.

काठमांडूचं म्हणशील तर संधी चांगली वाटते. भट्टीची जबाबदारी म्हणजे हाताखाली माणसं येणार, नाव होणार. माझ्या टीममधला श्रीशैल, बेळगावकडचा, त्यालाही दुसरीकडून बोलावणं आलं होतं. जाऊ का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, तुझं पुढं होत असेल तर मी आड येणार नाही. तुलाही तेच सांगते. जा. आईची काळजी करू नकोस, ती माझ्याकडे आहे.

राखी ऑनलाइन पाठवली आहे. वेळेत मिळेल असं दाखवतंय.

तब्येतीला जप. आगीजवळ काम करताना चष्मा लाव.

वर्षाराणी


सिलीगुडी
१५ ऑगस्ट २०२५

आक्का,

राखी मिळाली. वेळेत मिळाली. खोक्यावर पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्या तरी प्रायव्हेट लिमिटेडचं नाव होतं. गणपतराव म्हणाले, "कृष्णात, ही बहीण कुठली काढलीस रं नवीन?" सगळी हसली. मी पण हसलो. बांधायला कोण न्हवतं, दातानं गाठ मारली.

म्हणजे मी आणि तो श्रीशैल सारखेच म्हणायचं. त्याला जा, मला जा. बरं. पण आक्का, त्या श्रीशैलचं नाक तू कवा पुसलंस? त्याला पाठीवर घेऊन राधानगरीच्या दवाखान्यात कवा पळालीस? मला पिवळी कावीळ झाली तवा पळालीस की. तवा म्हणाली न्हाईस, तुझं पुढं होत असंल तर मी आड येणार न्हाय.

रागानं लिहीत न्हाय. तू म्हणतीस तर जातो. एकदा गणपतरावांना सांगून टाकलं की झालं. अजून सांगितलं न्हाय एवढंच.

आज दुकान बंद. बाकीची सिनेमाला गेली. मी नदीवर जाऊन बसलो. हितल्या नदीला महानंदा म्हणतात. आपल्या पंचगंगेसारखी वाटंल म्हणून गेलतो, तसलं काय न्हाय. पाणी आपलं जातंय.

एक सांगू? अंगठी मुशीत टाकायच्या आधी मी ती उलटी करून आत बघतो. लई जणांच्या आत कायतरी कोरलेलं असतंय. नाव असंल, तारीख असंल. बांगला अक्षर, मला वाचता येत न्हाय. तरी बघतो. मग टाकतो. दोन मिनिटांत सगळं एकसारखं. कुणी कुणाला दिलेली, कुणी रडून विकली, सोनं काय सांगत न्हाय.

तू काय करतीस ते एकदा नीट लिही. आईला विचारलं तर म्हणती, "ती दिवसभर खोलीत बसून कॉम्प्युटरला बोलती, आणि कॉम्प्युटर तिला उलट बोलतो." हितं पोरं विचारतात, तुझी बहीण काय करती? मी म्हणतो साहेब हाय. कशाची साहेब? मग मी भट्टीकडं वळतो.

चष्मा लावतो.

कृष्णात


मंगळवार पेठ
३० ऑगस्ट २०२५

प्रिय कृष्णा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. राखीचं वाचून काय लिहावं कळेना, म्हणून ते सोडून बाकीचं लिहिते. चालेल ना?

माझं काम. आमच्या कंपनीत लाखो लोक पैसे ठेवतात, विमा काढतात, म्हातारपणासाठी थोडं थोडं बाजूला टाकतात. आईची पेन्शन योजनाही आमच्याकडेच आहे. ह्या सगळ्यांची माहिती शाखांतून, बँकांतून, मोबाइलमधून सारखी येत असते. अर्धी चुकलेली, अर्धी दोनदा आलेली. माझी टीम ती गोळा करते, धुऊन पुसून जागच्या जागी लावते, म्हणजे सकाळी साहेबलोकांनी कॉम्प्युटर उघडला की आकडे बरोबर दिसतात. आपल्या नळाला धरणाचं पाणी येतं, तसं समज. पाणी आलं तर मधल्या पाइपाची कोणाला आठवण येत नाही. मी त्या पाइपवाल्यांची मुकादम आहे. पोरांना असं सांग, साहेब सांगू नकोस.

तुझ्या मुशीचं वाचून मला वाटलं, माझंही तसंच आहे. फक्त मला आतलं वाचता येतं आणि वाचायला वेळ नसतो.

टीममध्ये बाराजण आहेत. कोणी बेळगावात, कोणी नागपुरात, कोणी हैदराबादला. सगळे पडद्यावरच्या चौकोनात, छातीपर्यंतच माहीत आहेत. मागच्या वर्षापर्यंत मी त्यांच्यातलीच होते. सकाळी मीटिंगच्या आधी पाच मिनिटं आमची दंगामस्ती चालायची, कोणी काय खाल्लं, कोणाच्या सासूने काय केलं. मला लीड केलं तेव्हा ह्याच लोकांनी केकचे फोटो पाठवले. आता मी आले की आवाज बंद होतात. एकदा मी मुद्दाम लवकर गेले, तर विद्याश्री म्हणाली, "आल्या, आल्या," आणि सगळे चौकोन गप्प. वाईट कोणीच नाहीत. मीही आधीच्या लीडशी असंच वागायचे.

एक गंमत सांगते. आमच्याकडून ग्राहकांना महिन्यातून एकदा आपोआप फोन जातो, हप्त्याची आठवण करणारा. रेकॉर्ड केलेला आवाज असतो. लोक दोन शब्द ऐकतात आणि कापतात. संदेशाच्या शेवटी, पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा, असं असतं. नऊ कोणी दाबत नाही. मंगळवारी विद्याश्रीने तक्ता दाखवला, त्यात एक नंबर असा की जो दर महिन्याला पूर्ण ऐकतो आणि नऊ दाबतो. पुन्हा ऐकतो, पुन्हा नऊ. फोन आपोआप तुटेपर्यंत. श्रीशैल म्हणाला, "यंत्र बिघडलंय, नाहीतर माणूस बिघडलाय." खूप दिवसांनी सगळे माझ्यासमोर हसले, म्हणून मीही हसले.

पूर्ण नंबर आम्हाला दिसत नाही, तसा नियम आहे. शेवटचे चार आकडे दिसतात.

आईचं ते जुनं कार्ड अजून चालू आहे का रे? सहज विचारते.

वर्षाराणी


सिलीगुडी
८ सप्टेंबर २०२५

आक्का,

कार्ड चालू हाय. कोण फोन करत न्हाय त्याच्यावर. मधी एकदा चुकून कुणाचा तरी आलता, भाताच्या बियाणाचं विचारत होता. म्हटलं पावणं, मी बंगालात हाय. तर म्हणतोय, मग तिकडचा भाव सांगा.

तुमच्या त्या नऊवाल्याकडं लक्ष देऊ नगंस. असंल कोण तरी येडं. कुठं तरी एकटं पडलं असंल, जेवण करून बसलं असंल, आणि एक बाई निवांत बोलती, काळजी घ्या म्हणती, तर ऐकू वाटत असंल त्याला. त्यात बिघडलं काय? तुमच्या कंपनीचं काय जातंय? विद्याश्रीला म्हणावं, ज्यांनी कापला त्यांच्यावर हस.

पाइपवाल्यांची मुकादम हे पोरांना पटलं. आता तुला मुकादमीणच म्हणतात. पण ते "आल्या, आल्या" वाचून मला राग आला. तू पण एकदा त्यांना सांग की मी वर्षी हाय, राधानगरीतल्या बनाबाईची पोरगी, शेणात पाय घालून शाळंत जायची. मग बघ गप्प बसतात का.

हितं आता दुर्गापूजा जवळ आली. रस्त्यावर बांबू रोवत्यात. गिऱ्हाईक वाढलंय, सगळ्यांना जुनं मोडून नवं पाहिजे. गणपतराव रोज विचारतात, "काय ठरलं?" मी म्हणतो सांगतो.

आईला विचार, माझी निळी बंडी हाय का टाकली.

कृष्णात


मंगळवार पेठ
१७ सप्टेंबर २०२५

कृष्णा,

संदेशात 'काळजी घ्या' आहे हे मी तुला लिहिलंच नव्हतं.

चार आकडे बघितले तेव्हाच मला कळलं होतं. आईचा तो नंबर मला शाळेपासून पाठ आहे, होस्टेलवरून मी तोच फिरवायचे. तरी वाटलं, चार आकडे कोणाचेही असू शकतात. आता तुझं पत्र आलं.

कसं झालं ते सांगते. कंपनीला मराठी आवाज हवा होता आणि आवाज देणारी बाई ठरायची होती. तोवर तात्पुरतं म्हणून मला रेकॉर्ड करायला सांगितलं. खाली मंडळाचा ढोल चालला होता, म्हणून मी आईच्या साड्यांच्या कपाटात डोकं घालून बोलले. लिहून दिलेल्या मजकुरात 'काळजी घ्या' नव्हतं. ते मी आपलं लावलं. काढा म्हणाले, मग विसरले. तात्पुरतं तिथंच राहिलं.

आणि तुझ्याकडे फोन यायचं कारणही मीच. तू निघालास तेव्हा आईच्या पिशवीतून तिचा फोन काढून तुझ्या हातात दिला. घरी आल्यावर तिला नवीन घेतला. मग गॅसवाल्याकडे नंबर बदलला, बँकेत बदलला, डेअरीत बदलला. माझ्याच कंपनीत राहिला. मी दर सोमवारी टीमला बजावते, नंबर म्हणजे माणूस नव्हे. आपल्याकडे फोन घराचा असतो, आज आईच्या पिशवीत, उद्या पोराच्या खिशात. हे हैदराबादच्या पोरांना शिकवणारी मी, आणि माझ्याच आईची नोंद चुकीची. सांगितलं असतं तर सगळे पुन्हा हसले असते. मी सांगितलं नाही.

काल आईची सही घेऊन नंबर दुरुस्त केला. दुसऱ्या कोणाचा असता तर त्याच दिवशी केला असता, म्हणून हाही करावा लागला. आई म्हणाली, "म्हणजे आता तू आतल्या खोलीतनं मला फोन करणार व्हय?" पण माझाही आवाज जाणार नाही आता. ऑक्टोबरपासून कॉम्प्युटरने तयार केलेला आवाज आहे. मंजुरी मीच दिली. चांगला आहे, कुठे श्वास घेत नाही.

तर सहा ऑक्टोबरला तुला दर महिन्याचा तो फोन येणार नाही. आधीच सांगून ठेवते.

एक विचारू? माझा नंबर तुझ्याकडे आहे. मला फोन करायच्या ऐवजी तू नऊ का दाबत होतास?

निळी बंडी आहे. आईने धुऊन ठेवली आहे.

वर्षा


सिलीगुडी
२५ सप्टेंबर २०२५

आक्का,

सापडलो.

विचारलंस म्हणून सांगतो. तुला फोन केला की तू काय म्हणतीस? "बोल पटकन." मग मला पटकन बोलता येत न्हाय. मी म्हणतो काय न्हाय, सहज केलता. तू म्हणतीस, नंतर करते. त्यात माझी काय चूक, तुझी पण काय चूक न्हाय, तुझ्यामागं कामं.

पण ती फोनमधली आक्का पटकन म्हणत न्हाय. नमस्कार म्हणती, जरा थांबती, मग हळूहळू बोलती. मी मधेच काय बोललो तरी तिचं चालूच राहतंय. मी तिला सांगायचो, आक्का आज हात भाजला. ती म्हणायची, खात्यात पुरेशी रक्कम ठेवावी. मी म्हणायचो बरं. मग ती काळजी घ्या म्हणायची. ते बरोबर जागंवर यायचं. मग नऊ.

पहिल्यांदा आला तवा मला वाटलं तूच हायस. मी दोन-तीनदा हॅलो हॅलो केलं. मग कळलं. तरी ठेवू वाटंना.

खोलीतल्या पोरांना म्हणायचो, घरचा फोन हाय. सहा तारीख आली की ती बाहेर जायची, कृष्णातचा घरचा फोन येणार म्हणून. आता त्यांना काय सांगू हा एक प्रश्न हाय. सांगीन, नंबर बदलला.

तू दुरुस्ती केलीस ते बरोबरच केलंस. मी पण मुशीत आलेलं परत काढून देत न्हाय कुणाला.

काठमांडूचं ठरवलंय. मालकांना व्हय म्हणतो. आता हे कार्ड बंद पडलं तरी काय अडत न्हाय. तीन वर्षं काय, बघता बघता जातील. तू पहिल्या पत्रातच जा म्हणालीस, मीच उगं लोंबकळत राहिलो, तू आणखी काय म्हणशील म्हणून. सहा तारीख गेली की सांगीन त्यांना. का सहा तारीख, ते विचारू नगंस. सवय असती माणसाला.

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतोय. लवकर पोचावं असं काय न्हाय त्यात. तरी.

कृष्णात


सिलीगुडी
७ ऑक्टोबर २०२५

आक्का,

काल आपण एवढं बोललो, आता पत्रात काय उरलं असं तुला वाटंल. एक गोष्ट उरली. ती शेवटी लिहितो. आधी माझ्या बाजूनं काल काय झालं ते सांगतो, तुला तिकडनं दिसलं नसंल.

सकाळी अकराला, त्या फोनच्या ठरल्या वेळंला, पोरं आपोआप बाहेर गेली. त्यांना मी सांगितलंच न्हवतं नंबर बदलल्याचं. मी फोन मांडीवर घेऊन बसलो. येणार न्हाय हे माहीत होतं, तू लिहिलं होतंस की. आणि वाजला. काच काळी, कोण ते कळंना. उचलला तर तू म्हणालीस, "नमस्कार."

अगदी तसंच. मग जरा थांबलीस, ते पण तसंच. मला वाटलं तुझ्या हातनं दुरुस्ती नीट झाली न्हाय, जुनाच आवाज फिरून आला. मनात म्हटलं, बरं झालं, आक्काची चूक झाली, एक महिना आणखी मिळाला. मी वाट बघतोय आता हप्त्याचं सांगशील. तू गप्प. मग म्हटलं यंत्र अडकलं, आणि नऊ दाबला. तरी गप्प. परत दाबला.

तर तू म्हणालीस, "नऊ काय दाबतोस रं, मी हाय."

दोन वर्षांनी तू मला हाय म्हणालीस. आहे न्हाय, हाय.

तू म्हणालीस बोल की. मी म्हटलं तुझी सोमवारची मीटिंग असती न्हवं आत्ता? तू म्हणालीस, "विद्याश्रीला सांगितलंय आज तू घे. भाऊ हाय लाइनवर." मी म्हटलं, मग पटकन बोलतो. तू म्हणालीस, "पटकन नको. मला टाइम हाय."

तुझ्या मागं ते टुंग टुंग वाजत होतं सारखं. तुला कोण कोण बोलवत होतं. मी मोजत न्हवतो, पण ऐकत होतो, आता उठंल, आता म्हणंल नंतर करते. तू उठली न्हाईस. आई मधेच येऊन ओरडली, "कोण हाय गं, बिल चढतंय," तवा तू पहिल्यांदा हसलीस. आक्का, त्या रेकॉर्डात तू हसत न्हाईस. मला ते ध्यानातच आलं न्हवतं.

आणि मग तू सांगितलंस की श्रीशैलला जा म्हटलं ते खरं होतं, मला म्हटलं ते खोटं होतं. माणसं सांभाळायची सवय लागली की घरच्याला पण तसंच बोलून जातंय, म्हणालीस. मी म्हटलं, मग आता काय म्हणतीस? मागचं टुंग टुंग बंद झालं. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणालीस, "जाऊ नगंस." कागदावर लिहिली असतीस ही दोन अक्षरं तर आधीच मिटलं असतं, पण मग हा फोन आला नसता, म्हणून राग न्हाय.

संध्याकाळी गणपतरावांना सांगितलं. म्हणाले, "येडा हायस. भट्टी मिळत होती, आणि फोन धरून बसलास." मी म्हटलं व्हय. हितली भट्टी माझ्याकडंच राहतीया, दिवाळीत आठ दिवस सोडतो म्हणाले, तोंड वाकडं करून. निळी बंडी काढून ठेव.

सगळं चांगलं झालं असं मात्र तू समजू नगंस. काल रात्री पोरं रोजच्यासारखी जेवली, झोपली. मी भिंतीकडं तोंड करून पडलो. खोली तीच हाय. दिवाळीनंतर परत हितंच यायचंय. तू पण आज सकाळी परत त्या चौकोनांपुढं बसली असशील, आणि ती गप्प झाली असतील. तुझा त्यांना आवाज लागतो, तुझ्याशी बोलायचं कुणाला नसतंय. हे मला आधी कळायला पाहिजे होतं. मी तुला सांगत बसायचो हात भाजला, तुला कवा विचारलं न्हाय.

आता ती उरलेली गोष्ट.

काल झोप येईना म्हणून मी फोन कानाला लावून उगंच नऊ दाबून बघितला. खरा फोन तसला नसतो. एकदा ठेवला की गेला, परत ऐकू येत न्हाय. म्हणून तूच परत कर. तारीख तू ठरव, मी बाहेर काढतो पोरांना.

कृष्णात